ताईंना विचारा: रडू येत नाही म्हणजे प्रेम नाही का?

मागच्या अंकात बायबलमधल्या योहान १४:१५ या वचनावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच लागला. वचन एवढंसंच आहे, "माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल," प्रभू येशूने शेवटच्या रात्री शिष्यांना सांगितलेलं. पण ते वाचून कुणाला अपराधी वाटलं, कुणाला राग आला, एकाने तर भांडणच काढलंय. सहा पत्रं घेतलीत, जरा कापून. नावं कुणाचीच देत नाहीये.

जय ख्रिस्त ताई. सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं सगळं मीच करते, रात्रीतून दोनदा उठावं लागतं. सकाळी बायबल उघडलं की डोळे मिटतात. रविवारी उपासनेत गाणं सुरू झालं की शेजारच्या भगिनी रडतात, हात वर करतात, मला काहीच होत नाही, डोक्यात चालू असतं की घरी त्यांचं डायपर बदलायची वेळ झाली. एका साक्षीत, म्हणजे मंडळीत कुणी आपला देवाचा अनुभव सांगत होतं तेव्हा, ऐकलं की ज्याचं देवावर खरं प्रेम असतं त्याला प्रार्थनेत वेळेचं भान राहत नाही. मग माझं प्रेमच नाही का?

जय ख्रिस्त. आधी मला सांगा, रात्री दुसऱ्यांदा उठता तेव्हा तुम्हाला सासूबाईंबद्दल काय वाटत असतं? मला वाटतं काहीच नाही. झोप आलेली असते, पाठ दुखत असते, आणि तरी तुम्ही उठता. आता त्या उठण्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी तरी त्याला प्रेमच म्हणेन.

आपल्या मराठीत एक मजा आहे बघा. "पोरगं ऐकत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा त्याचे कान बिघडलेत असं कुणालाच वाटत नाही, ऐकणं म्हणजेच सांगितलेलं करणं हे आपल्याला न सांगता कळतं. हिब्रू भाषेतही असंच आहे. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ६:४ मध्ये, "हे इस्राएला, ऐक" असं आहे ना, तिथला शब्द 'शमा', त्याचा अर्थ कानाने ऐकणं आणि त्याप्रमाणे वागणं, दोन्ही. आणि लगेच पुढचंच वचन काय, तर आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण मनाने, जिवाने, शक्तीने प्रीती कर. म्हणजे ऐक आणि प्रीती कर हे एका दमात आलंय. शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाला झापलं तेव्हाही हाच शब्द. देवाने सांगितलं होतं एक आणि शौलाने चांगली चांगली मेंढरं मागे ठेवली, वर म्हणतो कसा, देवाला यज्ञ करायला ठेवली. तेव्हा शमुवेल म्हणाला, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं (१ शमुवेल १५:२२). शौलाच्या यज्ञात धूर भरपूर निघाला असता हो, ऐकणं मात्र नव्हतं.

आणि "माझ्या आज्ञा" म्हणजे कुठल्या, हे बघायला फार लांब जायला नको, एक अध्याय मागे जा. योहान १३. त्याच रात्री प्रभू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे मळके पाय धुतले, आणि म्हणाला तुम्हीही एकमेकांचे धुवा, आणि मग नवी आज्ञा दिली की मी जशी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा. पाणी, रुमाल, दुसऱ्याचं मळकं अंग. ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या घरी हे रोज चालतं, रात्री दोनदा जास्तच.

याच्या अगदी उलटं उदाहरण मार्क ७ मध्ये आहे. तिथे लोकांनी एक पळवाट काढली होती, आईवडिलांना जे द्यायचं ते 'कुर्बान' आहे म्हणायचं, म्हणजे देवाला अर्पण झालंय, आता तुम्हाला देता येत नाही. देवाच्या नावाखाली म्हाताऱ्यांना टाळायची सोय! येशूने त्यांना तिथेच धरलं, म्हणाला तुमच्या परंपरेने तुम्ही देवाचं वचनच रद्द करता. म्हणजे उपासनेत तास न् तास बसून घरच्या म्हाताऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करणारा त्याला चालत नाही. तुमचं तर निम्मं मन उपासनेत बसूनही घरी असतं, आणि तुम्ही त्याला पाप समजताय.

शेजारच्या भगिनींच्या रडण्याला मात्र नावं ठेवू नका हं, स्तोत्रसंहिता अश्रूंनी भरलेली आहे, त्यांचं रडणं खरं असू शकतं. तुम्हालाही एखाद्या दिवशी येईल. नाही आलं तरी बिघडत नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. एलीया संदेष्टा थकून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, देवदूत पाठवून खायला दिलं, झोपू दिलं, उठवून परत खायला दिलं, बोलणं सगळं नंतर (१ राजे १९). तेव्हा दुपारी अर्धा तास मिळाला तर बायबल मिटून झोपा, मी सांगितलं म्हणून झोपा. आणि दुसरं, तुमच्या पत्रात घरातल्या बाकीच्यांचा पत्ताच नाही. "एकमेकांची ओझी वाहा" (गलती ६:२) ही आज्ञा तुमच्या एकटीला नाहीये, तुमच्या मिस्टरांना आहे, नणंद-दिरांना आहे, मंडळीलाही, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, आहे. रविवारी दोन तास सासूबाईंजवळ बसायला कोण येणार, हे त्यांना विचारा. लाजू नका. तुम्ही विचारलंत तर त्यांनाही आज्ञा पाळायची संधी मिळेल, नाहीतर ते बिचारे नुसते साक्षीच देत बसतील.

प्रेम असेल तर आज्ञा पाळा. ताई, हे कुठलंही माणूस बोललं असतं तर आपण त्याला ब्लॅकमेल म्हटलं असतं. देव बोलला की प्रेम?

भांडण काढणारे ते तुम्हीच. बरं झालं विचारलंत, कारण पुलपिटवरून हे वचन कधी कधी खरंच तसं वापरलं जातं.

वचन परत वाचा. "पाळा" नाहीये तिथे, "पाळाल" आहे. धमकीत आणि यात फरक आहे. "ताप उतरला की भूक लागेल" असं डॉक्टर सांगतात तसं काहीसं. आणि पुढचंच वचन तर बहुतेक जण वाचतच नाहीत, १४:१६, मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हाला दुसरा कैवारी देईल. म्हणजे हे एकट्याच्या बळावर करा असं त्याने म्हटलेलंच नाही.

दुसरं म्हणजे क्रम बघा ना. निर्गम २० मध्ये दहा आज्ञा आहेत, पण सुरुवात आज्ञेने होत नाही. आधी आहे, मी परमेश्वर तुझा देव, मी तुला मिसर देशातून, गुलामगिरीतून बाहेर काढलं. सुटका आधी झाली, तांबडा समुद्र मागे पडला, मग सीनाय पर्वत आणि आज्ञा. आज्ञा पाळल्या म्हणून सोडवलं असं झालंच नाही. रोम ५:८ पण तेच सांगतं, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. ब्लॅकमेल करणारा आधी मागतो. इथे आधी देऊन झालंय, तेही जिवानिशी.

मी अकाउंट्सला आहे. साहेब सांगतात बिलावर मागची तारीख टाक, सगळेच टाकतात. मी आजपर्यंत टाकत आलो पण आता मन खातंय. नाही म्हटलं तर नोकरी जाऊ शकते आणि घरात कमावणारा मी एकटाच. आज्ञा पाळायची म्हणजे मुलांना उपाशी ठेवायचं का?

भाऊ, "देव बघून घेईल" असं एका ओळीत लिहून मोकळं होणं मला फार सोपं आहे, पगार तुमचा जाणार आहे, माझा नाही. म्हणून जरा सावकाश.

खोटी तारीख म्हणजे खोटं, यात काही दोन मतं नाहीत, लेवीय १९:३५-३६ मध्ये खरी तराजू आणि खरी वजनं ठेवायला सांगितलंय आणि आजची तराजू म्हणजे तुमचं लेजरच की. "सगळेच टाकतात" यालाही निर्गम २३:२ मध्ये उत्तर आहे, पुष्कळ जण करतात म्हणून वाईटाच्या मागे जाऊ नको. आणि व्यवहाराचंही बोलते, बिलावर सही तुमची आहे. उद्या कुणी तपासायला आलं तर साहेबांना अचानक काही आठवेनासं होईल.

पण नाही म्हणायचं कसं, ते दानीएलाकडून शिका. मला हा मुलगा फार आवडतो. बाबेलला पकडून नेला, नाव बदललं, परक्यांची भाषा आणि विद्या शिकायला लावली, राजाच्या नोकरीला तयार केलं, या सगळ्याला तो भांडला नाही. एकाच ठिकाणी त्याने रेघ ओढली, राजाचं अन्न आणि द्राक्षारस. तिथेही आरडाओरडा नाही, आधी वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली, तो घाबरला तेव्हा देखरेख करणाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा (दानीएल १). समोरच्याची मान अडकणार नाही असा पर्याय त्याने स्वतःच नेला.

तसं करून बघा. साहेबांना एकटं गाठा, चारचौघांत नको. म्हणा, सर, मागची तारीख मला टाकता येणार नाही, पण बिल आजच्या तारखेने घेतो आणि उशीर का झाला त्याची नोट सोबत लावतो, पुढच्या महिन्यापासून बिलं वेळेत यावीत म्हणून फॉलोअप मी करतो. तुमचं धार्मिक भाषण त्यात नको. बऱ्याचदा साहेबांना फक्त काम अडायला नको असतं. त्याच दिवसापासून दुसरी नोकरी बघायला लागा आणि बायकोला सगळं सांगा, तिला शेवटच्या दिवशी कळायला नको. आजपर्यंत टाकल्यात त्या तारखांबद्दल देवाजवळ कबूल करा, आणि त्यातलं जे दुरुस्त करून घेता येईल ते करून घ्या.

तरी नोकरी गेली तर? जाऊ शकते. दानीएलाच्या तीन मित्रांना भट्टीसमोर उभं केलं तेव्हा ते म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही (दानीएल ३:१७-१८). "नाही सोडवलं तरी" हे शब्द मी दर वेळी वाचते आणि दर वेळी मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण मुलांना उपाशी ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. मंडळीतल्या एक-दोन भरवशाच्या माणसांना आत्ताच कल्पना देऊन ठेवा, वेळ आलीच तर एक-दोन महिने निभावून न्यायला माणसं लागतात.

आमचे पास्टर म्हणतात माझं न ऐकणं म्हणजे देवाचं न ऐकणं. नोकरी बदलू की नको, मुलीचं लग्न कुठे करायचं, सगळं त्यांना विचारूनच. हे बरोबर आहे का?

नाही.

थोडं जास्त लिहिते. इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांचं ऐका असं आहे, ते खरंच, आणि जो पाळक रात्री-अपरात्री तुमच्यासाठी धावून येतो त्याचा मान राखलाच पाहिजे. पण १ पेत्र ५:३ पाळकांसाठी आहे, कळपावर हुकूमत गाजवू नका, कित्ता व्हा. बेरियाच्या लोकांनी तर साक्षात प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासून घेतलं, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालंय (कृत्ये १७:११), ओरडा नाही बसला. तुमचे पास्टर पौलापेक्षा मोठे नसावेत. सल्ला जरूर घ्या. मुलीच्या लग्नाचं मात्र आधी मुलीला विचारा, पत्रात तिचं मत कुठेच दिसलं नाही मला.

वय २२. रात्री मोबाईलवर नको ते बघतो. सकाळी रडून माफी मागतो, चार दिवसांनी परत तेच. शंभरदा झालं असेल. प्रेम असतं तर पाळलं असतं ना, तुमचंच वचन. आता प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते.

बाळा, एक बारीकशी गोष्ट सांगते. येशूचा शिष्य पेत्र, त्याने प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी येशू त्याला भेटला तेव्हा किनाऱ्यावर काय पेटलेलं होतं? कोळशाचा विस्तव (योहान २१:९). मूळ ग्रीक शब्द तोच, आणि सगळ्या नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. तोच वास आला असेल रे पेत्राच्या नाकात, पोटात गोळा आला असेल. आणि प्रभूने विचारलं काय? "परत असं करशील का?" असं नाही विचारलं. "माझ्यावर प्रीती करतोस का?" तीनदा. आणि प्रत्येक वेळी उत्तरानंतर काम दिलं, माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ.

म्हणून लाज वाटत असतानाच प्रार्थनेला बस. लाज गेल्यावर बसेन म्हणशील तर कधीच बसणार नाहीस.

आणि आता मोबाईलचं. मोहाशी रात्री बारा वाजता अंथरुणात पडून लढू नकोस, त्या वेळी कुणीच जिंकत नाही. नऊ वाजताच फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, उठवायला साधं गजराचं घड्याळ घे. मत्तय ५:२९ मध्ये डोळा उपटून टाक म्हटलंय, त्या मानाने फोन बाहेरच्या खोलीत ठेवणं म्हणजे फारच स्वस्तात सुटलास. आणि एका मोठ्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला हे सांग (याकोब ५:१६), ग्रुपवर नको. घसरलास तर चार दिवस थांबू नकोस, त्याच रात्री उठून बस. सवय महिन्याभरात जाईल असं मी म्हणणार नाही, वेळ लागेल. खूपच हाताबाहेर गेलंय असं वाटलं तर समुपदेशकाकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

मी घरातला मोठा. आईवडिलांचं शेवटपर्यंत मी केलं. धाकटा आपला वाटा घेऊन बाहेर पडला, अंत्यविधीलाही उशिरा आला. मी दशमांश देतो, एक उपासना चुकवत नाही, व्यसन नाही. आता तो म्हणे पश्चात्ताप करून मंडळीत यायला लागलाय आणि सगळे त्याचं कौतुक करतात. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. सगळं पाळूनही मला आनंद का नाही?

दादा, पत्र वाचून मला वाटलं तुम्ही मुद्दामच लूक १५ लिहून पाठवलंय की काय. तिथला मोठा भाऊ शेतातून येतो, घरात गाणं-नाचणं ऐकतो आणि रागाने बाहेरच उभा राहतो. बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही. खरंच मोडली नव्हती, बापही त्याला खोटा म्हणत नाही. पण "माझा भाऊ" असं तो म्हणतच नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. तुम्हीही पूर्ण पत्रात "धाकटा" आणि "तो" एवढंच लिहिलंय, मी दोनदा शोधलं. आणि दुसरी गोष्ट, बाप घराबाहेर येऊन या मोठ्याचीही समजूत घालतो. धाकट्यासाठी धावला तसाच याच्यासाठीही बाहेर आला. तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही, गोष्ट तिथेच थांबते.

तुम्ही आईवडिलांचं केलंत ते फार मोठं काम आहे, ते कुणी पाहिलं नसेल तर देवाने पाहिलंय. "पाळलेल्या" आज्ञांच्या यादीत एक मात्र राहिलीय. मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. वाचताना सोपं वाटतं, पण हे येशू गालीलात बोलतोय आणि वेदी यरुशलेमेत, पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे यरुशलेमेत वेदीसमोर उभं असताना आठवलं तर अर्पण तिथेच सोडून गालीलात घरी चालत जा, समेट कर आणि परत तेवढंच चालत ये. ऐकणारे चमकलेच असतील. आणि "तुझ्या मनात" असं नाहीये हं, "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध". चूक कुणाची ते तिथे विचारलेलंच नाही, निघायचं कुणी एवढंच सांगितलंय.

पैशाचा, वाट्याचा हिशोब विसरा असं मी म्हणत नाही, तो नंतर शांतपणे, गरज पडली तर तिसऱ्याला बसवून करता येतो. तो सोडवल्याशिवाय बोलायचंच नाही असं ठरवलंत तर आणखी अकरा वर्षं जातील. आणि जबरदस्तीने गळ्यात पडायचीही गरज नाही, प्रेम वाटेल तेव्हा वाटेल. वर सासूबाईंचं करणाऱ्या त्या भगिनींना जे लिहिलं तेच तुम्हाला.

फोन करा. रविवारी मंडळीत सगळ्यांसमोर नको, शनिवारी संध्याकाळी करा. पहिलं वाक्य आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तोंडातून अंत्यविधीचा विषय निघेल. "मी बोलतोय, दादा. कसा आहेस?" एवढं पुरे. तो गप्प बसला तर तुम्हीही थोडं गप्प बसा, पण फोन ठेवू नका.